फाळक्यावरची नावं

“वहिनी, ही गाडी आहे का खेळणं?” भाऊजींनी माझ्या नव्या पिकअपचं टायर चपलेनं ढोसलं. जुनी मोठी पिकअप विकून मी ही मधल्या मापाची घेतली होती. नर्सरीतली रोपं गावोगाव पोचवायला एवढी पुरते.

मोठीच्या मागच्या फाळक्यावर अख्खं खानदान रंगवलेलं होतं. भाऊजी, त्यांचे दोघे भाऊ, सगळ्यांची पोरं, पाळण्यातलं तान्हंसुद्धा. आमचे हे गेल्यावर चार वर्षं ती मी एकटीनं चालवली. यांतल्या एकानंही कधी रोपांचा एक ट्रे उचलला नाही. फोटोला मात्र सगळे बॉनेटला टेकून उभे.

आज पेंटर यायचा म्हणून भाऊजी यादी घेऊनच आले होते. अकरा नावं. त्यांनी नवा फाळका वितीनं मोजला आणि तोंड वाकडं केलं.

“या डबड्यावर आमची नावं मावायची नाहीत.”

“म्हणून तर मापाची घेतली, भाऊजी.”

पेंटरनं ब्रश बुडवला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘चालक-मालक शालन’. निम्मा फाळका मोकळाच राहिला. मी तो तसाच ठेवलाय.