मोंबासा आणि ब्रायटन

"आता तिकडं किती वाजलं असतीन?" गोदूने विचारलं.

चंद्रावतीने मनात वजाबाकी केली. "मोंबासात साडेचार. उन्हं अजून वर असतील. ब्रायटनला तर आता कुठे जेवणं उरकत असतील."

इथे पनवेलला दिवेलागण झाली होती.

बंदराकडच्या आळीत गोदूचं घर होतं. सासू गेल्यापासून ती एकटीच राही. दवाखान्यात बदलून आलेल्या नर्सबाईला, म्हणजे चंद्रावतीला, तिने मागची खोली दिली, ती घरात माणसाचा आवाज हवा म्हणून. आडनाव विचारलं तर नर्सबाईही म्हात्रेच निघाल्या. गोदूला हसू आलं. या बाजूला ढेकूळ उचललं तरी खाली म्हात्रे सापडतो, असं ती म्हणाली.

दोघींचेही नवरे परदेशात होते. गोदूचा मोंबासाच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. चंद्रावतीचा विलायतेत, ब्रायटन नावाच्या गावी. मुंबईत मावशीच्या घरी तिचं लग्न झालं होतं. कोकणात आपलं कुणी उरलेलं नाही, असं त्याने तेव्हाच सांगितलं होतं. बदलीचं तिने त्याला कळवलं होतं, पण उत्तर आलं नव्हतं. परदेशी टपालाला वेळ लागतो, असं ती स्वतःच म्हणे.

संध्याकाळी ओट्यावर बसून दोघी आपापल्या गावांची बाजू घेत. मोंबासाला पांढरी वाळू, माडांची रांग, समुद्रावरचा जुना किल्ला. ब्रायटनला समुद्रात लांबवर गेलेला लोखंडी धक्का, त्यावर रंगीत दिवे आणि वाद्यं. मात्र किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. हे काही गोदूला पटत नसे.

"समुद्र हाय आनि वाळू नाय? मंग मानसं चालतान कशी?"

"बूट घालून," चंद्रावती म्हणे. "आमचे हे सांगतात, थंडीत तिकडे चार वाजताच अंधार पडतो."

"आमचं हे सांगतान, मोंबासात बारा महिने आपल्यासारकंच उजाडतं." आणि मोंबासाच बरं, निदान अनवाणी फिरता येतं, असा निकाल गोदू देऊन टाकी.

वाद संपला की दोघी आपापली चूल पेटवायला उठत.

माघात मुंबईहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाने निरोप दिला. गोदूचा नवरा रविवारी येतोय. गोदूने भिंती सारवल्या, अंगण सारवलं. चंद्रावती म्हणाली, मी काही दिवस दवाखान्यात राहायला जाते, तुम्हाला मोकळं होईल. गोदूने ऐकलं नाही. इतक्या वर्षांनी माणूस येतोय, त्याच्याशी बोलायचं काय हेच तिला सुचत नव्हतं.

"तुमी असल्या तं मना धीर येल," ती म्हणाली.

रविवारी चंद्रावतीने तिची वेणी घातली, अबोलीचा गजरा माळला. गोदू छान दिसत होती. तसं तिला सांगून चंद्रावती आपल्या खोलीत गेली आणि बराच वेळ दाराला पाठ लावून उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आपल्यासाठी असा निरोप कधी येईल, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

दुपारी आळीच्या तोंडाशी टांगा थांबला. गोदू भाकरतुकडा हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच अडखळली.

"मना लाज वाटतं. पायावरचं पानी तुमीच न्या."

चंद्रावती तांब्या घेऊन अंगणात उतरली. परक्या पुरुषासमोर जायचं म्हणून तिने मान खाली घातली होती. त्याने ट्रंक खाली ठेवली, वहाणा काढल्या. तिने त्याच्या पायांवर पाणी ओतलं. हात धुवायला त्याने ओंजळ पुढे केली, आणि ओंजळ तशीच राहिली. बोटांमधून पाणी गळून गेलं.

"चंद्रा," तो अगदी हळू म्हणाला, "तुला हे घर कुणी दाखवलं?"