छातीतली शिट्टी

दम लागून बाकावर वाकलेल्या मुलाच्या छातीतली शिट्टी एकदाची थांबली, तेव्हा वर्गाच्या बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी त्याच्या आईला फोन लावला. "दम्याचा पंप दिला हो. शिट्टी थांबली, अगदी शांत बसलाय. उगाच घाबरत होतात."

"बोलतोय का?"

"नाही, नुसता बघतोय."

"बाई, शिट्टी वाजायलासुद्धा हवा लागते. ती आत जातच नाहीये. ॲम्ब्युलन्स बोलवा, पंप देत राहा. मी निघालेच, फोन ठेवू नका."

शिपाई ॲम्ब्युलन्स बोलवायला धावला. बाई पंप देत राहिल्या, मधेच त्याच्या पाठीला कान लावत राहिल्या. फाटकाशी सायरन वाजला, तेव्हा कुठे त्यांच्या कानाखाली काहीतरी बारीक चिरकलं.

"बाई, काय झालं? बोला ना."

"वाजतेय," बाई कशाबशा म्हणाल्या. "वाजतेय हो."