नियमित वाचक

"ही पाच कार्डं बाजूला ठेवतो," तपासनीस मेदेर म्हणाला. "जिल्ह्यातली बावीस ग्रंथालयं पाहिली, एजे, पण इतके शिस्तीचे वाचक कुठे नाहीत. पंधराव्या दिवशी पुस्तक परत म्हणजे परत. यांना घरी जाऊन भेटायलाच हवं."

एजे म्हणजे ताई; ग्रंथपाल अनारकुलला सगळे तसंच म्हणत. तिनं कार्डांवरची नावं वाचली. ते पाचही जण गावामागच्या टेकडीवर मातीखाली होते.

नियम सरळ होता. तीनशे वाचक असतील तर ग्रंथालय चालेल. नाहीतर पुस्तकं ट्रकात भरून जिल्ह्याला जाणार आणि इमारतीत लग्नाचा हॉल होणार. इमारत एकशे बारा वर्षांची, निळ्या झडपांची. गावातली तरणी माणसं कामासाठी रशियात गेलेली, म्हातारी एकेक करून टेकडीवर चाललेली. जे उरले होते त्यांना हिवाळ्यात चार घटका उबेला बसायला ही एवढीच जागा होती. म्हातारे इथे बुद्धिबळावरून हमरीतुमरीवर येत. सुना इथे येऊन परदेशातल्या नवऱ्यांशी फोनवर बोलत, कारण घरी सासू कान टवकारून बसलेली असे. आकडा तीनशेच्या खाली घसरायला लागला तसं अनारकुलनं मेलेल्यांची कार्डं काढून टाकणं बंद केलं.

नुसती ठेवली असं मात्र नाही. गुरांचे डॉक्टर काचकिन यांच्या नावावर ती शिकारीच्या गोष्टी चढवायची, साकिशआपाच्या नावावर विणकामाची पुस्तकं, सुयुनबायच्या नावावर घोड्यांची. लबाडीच ती, पण अगदी मन लावून केलेली. जिवंत वाचक पुस्तकं वर्षवर्ष दाबून बसत. मेलेल्यांची तारीख कधी चुकत नसे, कारण ती तारीख अनारकुल स्वतः घालायची. तिथेच ती फसली.

मेदेरनं पाच नावं कागदावर उतरवली आणि झाडू मारणाऱ्या तुर्दुबूला पत्ते विचारले. तुर्दुबू म्हणजे गावाचा चालताबोलता रेडिओ. पण आज ती मोजकंच बोलली.

"सरळ जाऊ नका, साहेब. पूल खचलाय. टेकडीला वळसा घालून जा."

पूल ठणठणीत होता. मेदेर वळशाच्या वाटेनं निघाला, आणि तुर्दुबूही झाडू टाकून कुठेतरी गेली.

अनारकुल एकटीच बसून राहिली. मग तिनं कोरा कागद घेतला आणि राजीनामा लिहिला. चौतीस वर्षांची नोकरी चार ओळींत संपली. स्वतःपेक्षा तिला त्या बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यांचं वाईट वाटत होतं. बर्फ पडायला लागल्यावर ते जाणार कुठे?

तीनच्या सुमारास मेदेर परतला. त्यानं यादी टेबलावर ठेवली. पाच नावांपुढे पाच सह्या होत्या.

"सगळे घरीच भेटले. पाच घरी चहा प्यावा लागला, पोट नुसतं डुचमळतंय." तो खुर्चीत टेकला. "काचकिन डॉक्टर मात्र सत्तरीचे वाटत नाहीत हं."

"इथली हवाच तशी आहे," मागून तुर्दुबू म्हणाली. ती केव्हा परत आली, कळलंही नव्हतं.

"आणि त्या साकिशआपा, नाकापर्यंत शाल ओढलेली. एक शब्द बोलल्या नाहीत."

"बोलत नाहीत तेच बरं आहे, साहेब. एकदा सुरू झाल्या असत्या तर उद्याच सुटला असतात."

अनारकुलच्या आता ध्यानात आलं. गाव तिच्या पाठीशी उभं राहिलं होतं. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

"शेवटी तळ्याकडे गेलो, सुयुनबाय यांच्याकडे," मेदेर सांगत होता. "फार भला माणूस. फाटकातच उभे होते, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे. म्हणाले, घोड्यांची पुस्तकं आता पुरेत. डोळे शिणतात. कुणी शेजारी बसून वाचून दाखवलं तर बरं होईल. घाई नाही म्हणाले, पण फार लांबवूही नका."

तुर्दुबूचा झाडू थांबला. 

अनारकुलनं यादी जवळ ओढली. पाचव्या सहीवर तिची नजर खिळून राहिली. कुणी केली होती कोण जाणे, पण शेवटच्या अक्षराची शेपटीसुद्धा अगदी सुयुनबायसारखीच खाली ओढलेली होती. कुणाला एवढं आठवत असेल? तिचे डोळे भरून आले.

मेदेरनं अहवालावर "समाधानकारक" असं लिहिलं, शिक्का मारला आणि तो चार वाजताच्या गाडीनं गेला. ग्रंथालय वाचलं होतं. अनारकुलनं राजीनाम्याचे तुकडे करून शेगडीत टाकले आणि तुर्दुबूला घट्ट मिठी मारली.

"काय गं केलंस हे, सटवे?"

"मी कसलं करतेय! नुसते फोन केले. डॉक्टरांचा मुलगा वडिलांचा कोट चढवून बसला. साकिशआपाच्या जागी तिची सून. बाकी दोन घरी आपले बुद्धिबळवाले. चहा पाजा आणि तोंड बंद ठेवा, एवढंच सांगितलं होतं."

"आणि तळ्याकडे? तिथे कुणाला उभं केलंस? त्याच्या घरी आत्ता जाऊन पाया पडते बघ. सहीसुद्धा किती हुबेहूब केलीय!"

तुर्दुबूनं झाडू भिंतीला टेकवून ठेवला. तिचा चेहरा उतरला होता.

"मी चारच फोन केले, एजे. पाचवा कुणाला करणार होते? सुयुनबाय भाऊजी गेल्यापासून त्या घरात तू एकटीच तर राहतेस."