शेजारणीचा देव

"अंकल, मी मूर्ती न्यायला आले," मेई दारातूनच म्हणाली, आणि राजाभाऊंनी हातातलं निरांजन खाली ठेवलं.

मेई समोरच्या फ्लॅटमधली चिनी बाई. मंदीत तिची कंपनी बुडाली तेव्हा तिने डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतलं आपलं बिऱ्हाड एका दिवसात मोडलं. फ्रीज, पंखा, गादी, सगळं जिन्यात सोडून दिलं. लाकडी मूर्ती मात्र राजाभाऊंच्या हातात ठेवली. "सांभाळा," एवढंच म्हणाली. खाली टॅक्सी खोळंबली होती.

मूर्ती वीतभर, फार जुनी. काळी दाढी, अंगावर उडत चाललेला सोनेरी मुलामा, एक पाय वाघाच्या पाठीवर. पाठीला लहानशी चौकोनी झडप. वाघ पाहून देवी म्हणावं, तर दाढी. राजाभाऊंना काही उलगडेना. पण घरात आलेल्या देवाला उपाशी कसा ठेवायचा? त्यांनी त्याला भिंतीलगतच्या फळीवर, आपल्या गणपतीशेजारी बसवलं. फूल वाहिलं, साखर ठेवली. मंत्रापाशी मात्र अडलं. ह्याला संस्कृत कळत असेल का? मराठी तर नाहीच. शेवटी जन्मभर कचेरीत ज्या इंग्रजीत अर्ज लिहिले, त्याच इंग्रजीत ते रोज बोलू लागले. परका देव, म्हणून जरा मोठ्याने.

"रिस्पेक्टेड सर, माय सन सुजीत इज अ गुड इंजिनिअर. ही इज नॉट ईटिंग. ही इज नॉट टॉकिंग टु मी. काइंडली डू द नीडफुल."

कंपनीने बिनपगारी सुट्टीवर धाडल्यापासून सुजीत आतल्या खोलीत नुसता पडून असायचा. नातीला घेऊन पुण्याला गेलेल्या सुनेने, शुभ्राने, राजाभाऊंना इथे आखातात पाठवलं होतं. "बाबा, त्याला एकटं ठेवू नका," म्हणाली होती. का, ते तिने सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. लॅन्सी नावाच्या मित्राने शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका गोदामात काम देऊ केलं, तर सुजीत म्हणाला, "टॉवर उभे केलेत मी. आता नट-बोल्ट मोजू?" आणि दार लावून घेतलं.

मग एका सकाळी तो आपणहून उठला, दाढी केली आणि लॅन्सीच्या गाडीत जाऊन बसला. तेव्हापासून रोज जात होता. रात्री दोन घास जास्त खात होता. राजाभाऊ कोणाला बोलले नाहीत, पण देव पावला होता.

"थोडे दिवस राहू दे ना," ते मेईला चाचरत म्हणाले. "माझ्या मुलाचं आत्ता कुठे बरं चाललंय. ह्याच्यामुळेच."

मेईला काही कळेना. तिने आत येऊन फळीवरची मूर्ती उलटी केली, नखाने झडप काढली. आत काळोखी पोकळी.

"अंकल, ह्यात कोणी नाही. इथे मंत्राचा कागद असतो, मुळ्या असतात, तेव्हा देव असतो. जायच्या आधी मी ते सगळं काढून जाळलं, हात जोडून त्याला घरी पाठवलं. दुसऱ्याच्या दारात देव कसा टाकून जाणार? हे लाकूड आहे. गावी नेऊन रंगवायचं, मग त्याला पुन्हा बोलवायचं."

राजाभाऊंना ते ताबडतोब पटलं. उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या, गणपती जरासा जागचा हलवला, की उरते ती माती. पटलं, म्हणूनच ते जास्त गोंधळले.

मेई गेली. फळीवर मूर्तीएवढी जागा रिकामी दिसत होती. राजाभाऊ तिच्यापुढे तसेच बसून राहिले. शुक्रवार होता. इथल्या साप्ताहिक सुट्टीमुळे घरी असलेला सुजीत चहाचे दोन कप घेऊन आला.

"सुजीत, त्या मूर्तीत कोणी नव्हतंच रे," ते म्हणाले. "मग मी एवढं रोज बोलायचो, ते ऐकत कोण होतं?"

सुजीतने कप खाली ठेवले. फळीमागच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं. भिंत पोकळ वाजली.

"जिप्समची आहे, बाबा," तो म्हणाला. "पलीकडे माझी उशी असते."