आतलं हँडल

रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचे भाग मी घरीच, मागच्या खोलीतल्या छोट्या लेथवर बनवतो. बाजारातलं प्लॅस्टिक आपल्याला चालत नाही. तीन दिवसांपूर्वी केबिनला ॲल्युमिनियमची दारं बसवली. बाहेरून पितळी हँडल, आतून काहीच नाही.

"आतून उघडायचं कसं?" बायकोने विचारलं.

"आत बसतंय कोण?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एका दाराच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे दिसले. माझीच कानस लागली असणार, म्हणून पॉलिश पेपर मारून पत्रा आरशासारखा केला. सकाळी ओरखडे पुन्हा तिथेच. सवयीने व्हर्नियर लावला. केबिनच्या तळापासून एकतीस मिलिमीटर, बाहेरच्या हँडलच्या बरोबर मागे.

"अहो, मग बसवा की एक आतून. तुमचं काय जातंय?" ती हसत म्हणाली.

मलाही ते डोक्यातून जाईना. दुपारभर खपून तांदळाच्या दाण्याएवढं हँडल केलं, आतून बसवलं, ओढून पाहिलं. दार अलगद उघडलं. मी ते नीट बंद केलं आणि खोलीला कडी घालून बाहेर आलो.

आज सकाळी खोलीत शिरलो, मागे दार ढकललं. ट्रकचं दार सताड उघडं होतं. पत्र्यावर मात्र एकही ओरखडा नव्हता. खरं सांगतो, हायसं वाटलं. बायकोला बोलवावं म्हणून वळलो.

खोलीच्या दारावर, आतल्या बाजूला, अगदी खाली बारीक ओरखडे होते. मी गुडघ्यांवर बसलो आणि जमिनीपासून व्हर्नियर लावला.

एकतीस मिलिमीटर.