डिझेलच लागतं

मंडपाच्या धंद्यासाठी पिकअप घ्यायची ठरली. आपल्या फेऱ्या जवळच्याच, पेट्रोलची घेऊ, एवढंच मी म्हणलं. शोरूममधल्या पोरांसमोर नवरा खेकसला, "लोड ओढायला डिझेलच लागतं. गाडीतलं तुला काय कळतं? तोंड बंद ठेवायचं!" पोरं फिदीफिदी हसली. डिझेलची गाडी आली.

पहिलंच भाडं चितेगावचं. मागं खुर्च्या अन् कनाती, पुढं आम्ही दोघं. उस्मानपुऱ्यात पंपावर यांनी काच खाली केली अन् जन्मभर मोटारसायकलवर बसून जे म्हणत आले तेच म्हणले, "पेट्रोल. फुल कर."

पंपावरच्या पोरीनं परत विचारलं, "काका, पेट्रोलच ना?"

"मग काय रॉकेल? टाक लवकर!"

टाकी भरेस्तोवर मी समोर बघत बसले.

पैठण रोडला गाडी आचके देऊन बंद पडली. मेकॅनिकनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "डिझेलच्या गाडीत पेट्रोल कुणी भरलं?"

हे माझ्यावरच वरडले, "तू शेजारीच बसली व्हतीस ना? तोंड शिवलं व्हतं का?"



"व्हय. शोरूममधी तुमीच शिवलं."