जोडीचा गिअर

या, जरा पुढं सरकून बसा. बुवा अजून वाटेत आहेत, पखवाजाला कणीक लागायचीय. तेवढ्यात आपल्या दत्तोबा टर्नरची गोष्ट ऐका.

बारामतीच्या स्टँडवर दत्तोबांचा पाय ठरत नव्हता. काखेत पिशवी, पिशवीत उपरण्यात गुंडाळलेला एक लोखंडी गिअर. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायची त्यांची जुनी लेथ उभी होती. पट्टा नवा, मोटर नव्यानं वायर भरून आणलेली, बेड घासूनपुसून लख्ख. फक्त पिशवीतल्या गिअरचा जोडीदार गायब होता. तो नाही तर आटे पाडता येत नाहीत, आणि आटे न पाडणारी लेथ म्हणजे टाळकऱ्यांवाचून कीर्तन.

उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजायचा दिवस. लेक युवराज बोलला होता, "आबा, खंडेनवमीपतुर चालू झाली तर ठिवू, न्हायतर भंगारात." वालचंदनगरच्या कारखान्यात लेथपुढं उभं राहून दत्तोबांची उमर गेलेली. लेथ तराजूत चढलेली त्यांना बघवणार नव्हती.

गाडी लागली. कंडक्टर वृषालीनं खिडकीजवळची जागा हातानं झटकली.

"बसा आबा. इंदापूरच न्हवं?"

"तुला कसं गं कळलं?"

"इंदापूरच्याच गाडीत चढलाय की!"

सगळी गाडी हसली. दत्तोबाही हसले, पण गाडी हलली तसा त्यांचा गुडघा पुन्हा हलायला लागला. वालचंदनगरचा फाटा फुटतो त्या जंक्शनच्या थांब्याला ते उठलेच.

"वालचंदनगरला एक चक्कर टाकतो. तितं असंल."

"तितं न्हाय आबा. आदी मुबीनभाईकडं बगा," वृषालीनं त्यांना दंडाला धरून बसवलं. "आनि माझ्याच गाडीनं माघारी यायचं. दुसरीकडं कुठं गेलात तर बोलणार न्हाय मी."

"सुनंपेक्षा तुझाच धाक जास्त," दत्तोबा पुटपुटले.

मुबीनचं भंगाराचं आवार इंदापूरच्या बाहेर, आंब्याखाली. फांद्यांना कैऱ्या लोंबत होत्या. दत्तोबा घाम पुसत आत शिरले आणि थेट लोखंडाच्या ढिगात हात घालायला वाकले.

"आबा, हात कापंल! काय पायजे ते सांगा."

दत्तोबांनी उपरणं सोडलं. "ह्याची जोडी. जुन्या लेथची. न्हाय म्हणू नगंस बाबा, उद्या खंडेनवमी हाय."

मुबीन ढिगाकडं वळलाच नाही. त्यानं टेबलाखालून कापडात बांधलेला एक गिअर काढून पुढं ठेवला.

दत्तोबांनी आपला गिअर त्याला भिडवला, अंगठ्यानं हळूच फिरवला. दातात दात बसत गेला. कुठं खटका नाही, कुठं ढील नाही.

"एका आईची लेकरं रं ही!" त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी गिअर उजेडात धरला. त्याच्या तोंडावर हळदीकुंकवाचे थरावर थर बसले होते. "पूजा केलीय ह्याची कुणीतरी. कुणाच्या मशीनचा हा?"

मुबीन चहा ओतत होता. धार क्षणभर थांबली.

"हाय एक तुमच्यासारखाच टर्नर. लै जीव मशीनवर."

"मग सोडला कसा त्यानं?"

"सुटतं आबा. काय काय सुटतं हातातनं. चहा घ्या."

"किती देऊ?"

"चालू झाली की पेढा धाडा."

"आनि न्हाय झाली तर?"

"तर गिअर माघारी आणा."

"माघारी कशाला येतोय मी!" दत्तोबा रुबाबात म्हणाले आणि वृषालीची गाडी गाठायला लगबगीनं निघाले.

दिवेलागणीला गिअर जागेवर बसला. दत्तोबांनी त्याच्यावर हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि बटण दाबलं. लेथनं सूर धरला, कीर्तनकाराच्या पाठीमागं वीणेकऱ्यानं धरावा तसा. सळईवर आटे उमटत गेले. सून राजेश्वरी दारात उभी होती. युवराज मान खाली घालून भिंतीला टेकला होता.

"काय रं, आता देशील भंगारात?"

"न्हाय आबा. चुकलं माझं."

त्या रात्री दत्तोबांनी भाकरी मागून घेतली. सळई उशाशी ठेवून ते लेकरासारखे झोपी गेले.

राजेश्वरी पाना घेऊन शेडमध्ये गेली. नट सोडायला तिला आता बघावंही लागत नव्हतं. गिअर कापडात बांधून तिनं फोन लावला.

"मुबीनभाई, सकाळच्या दुधाच्या गाडीबरोबर धाडते."

"ताई, एकदा ऱ्हाऊ द्या की बसवलेला."

"मागं ठिवला हुता. सकाळी उठून दिवसभर मशीनकडं बगत बसले. शोधायला काय उरलं न्हाय. घास न्हाय घेतला, मलाबी वळखलं न्हाय. त्यांची खंडेनवमी कायम उद्याच असती, असू द्या." तिनं पदरानं नाक पुसलं. "आज कुंकवाचं इचारलं म्हणं त्यांनी. ह्या खेपंला तेवढं पुसून ठिवा."

पलीकडनं मुबीन म्हणाला,

"ताई, दर खेपंला आबांनीच लावलेलं हाय. माझ्या हातानं कसं पुसू?"

मंडळी, घरी जाऊन देवापुढं दिवा लावाल, तेव्हा दत्तोबांची आठवण ठेवा. त्यांच्या वाटणीची आता आपल्यालाच ठेवायचीय.